फॉरमॅट मारायच्या आधी : लायसन्स कुणाच्या नावावर आहे?

महिन्याची दहा तारीख, संध्याकाळचे सात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या फाउंड्रीच्या ऑफिसातून फोन आला. "ओ, टॅली खुळं झालंय बघा. एक तारखेची एंट्री घेतंय, दोनची घेतंय, तीनची घेईना." दुपारी काही केलं होतं का, असं विचारलं. "काय नाही ओ. लई स्लो चालत होतं म्हणून फॉरमॅट मारून घेतलं फक्त."

दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख. टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या त्या सॉफ्टवेअरला, काहीही झालं नव्हतं. लायसन्स सापडत नाही म्हटल्यावर ते 'एज्युकेशनल मोड'मध्ये उघडतं आणि त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्र्या घेतं. शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय आहे ती. फाउंड्रीवाल्या काकांचं पुढं काय झालं ते खाली येईलच.

विंडोज नव्यानं टाकल्यावर "लायसन्स गेलं" म्हणून जे लोक येतात, त्यातल्या बहुतेकांचं लायसन्स कुठंही गेलेलं नसतं. ते जिथं होतं तिथंच असतं, फक्त तिथं पोचायची वाट यांच्याकडं नसते. आजवर हे काम दुकानदारावर सोडलं आणि आता पहिल्यांदा स्वतः बसायचं ठरवलंय, अशांसाठी हे लिहितोय. दुकानातच टाकून घेणार असाल तरी वाचा, म्हणजे मशीन देताना चार गोष्टी सांगून देता येतील.

लायसन्स राहतं कुठं?

फॉरमॅट म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी पुसणं. जे डिस्कवर नाही ते पुसलं जात नाही. सॉफ्टवेअर प्रत्येकाचं वेगळं, तसं लायसन्सचं घरही वेगळं. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा अक्षरी-आकडी क्रमांक, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. ऑफिसचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, टॅलीचं टॅलीच्या सर्व्हरवर एका ईमेलला बांधलेलं. डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं लावायच्या, जुन्या पॅकेजांचं यूएसबी डोंगलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या चावीसारख्या कांडीत. आणि काहींचं नुसतं कागदावर, म्हणजे बिलाच्या मागं स्टेपल केलेल्या त्या पुठ्ठ्यावर, जो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेला.

खरी अडचण येते ती ईमेलला बांधलेल्या लायसन्सची. आपल्याकडं शेत एक जण कसतो आणि उताऱ्यावर नाव निघतं भलत्याचंच, तसलाच हा प्रकार. लॅपटॉप घेताना काउंटरवरच्या पोरानं घाईत एक नवीन आउटलुक अकाउंट काढलेलं असतं, पासवर्ड त्याच्या मनातला, मोबाइल नंबर दुकानाचा. पैसे तुम्ही मोजले, ऑफिस त्या अकाउंटवर चढलं. फॉरमॅट होईपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिलं काम : मशीन चालू आहे तोवर बघून घ्या

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तिथं दोन गोष्टी वाचायच्या. एक, एडिशन : होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो. दोन, डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट झालंय का आणि पुढं 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं' असं लिहिलंय का. मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढा. पुढची निम्मी डोकेदुखी या फोटोनं वाचते.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी चौकट उघडेल तिच्यात इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून डीएलआय असं टाइप करून एंटर. थोडं थांबा, एक छोटी खिडकी येते. तिच्यात 'चॅनल' या शब्दाच्या आधी काय आहे ते बघा. 'ओईएम' असेल तर लायसन्स मशीनबरोबर आलेलं आहे आणि त्या मशीनपुरतंच आहे. 'रिटेल' असेल तर सुटं विकत घेतलेलं आहे, उद्या दुसऱ्या मशीनवर नेता येतं. 'व्हॉल्यूम' आणि त्यापुढं 'केएमएस क्लायंट' असं दिसलं आणि मशीन तुमच्या घरचं असेल, तर समजा की कुणीतरी क्रॅक मारून दिलंय. केएमएस ही मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं यांच्यासाठीची पद्धत. त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मशीनला १८० दिवसांची मुदत मिळते आणि ती सारखी वाढवून घ्यावी लागते. हलवायाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला असला सर्व्हर कुठून असणार?

यातली गंमत म्हणजे, असं क्रॅक मारलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये मूळ लायसन्स चिपमध्ये शाबूत असतं! मालकानं विंडोजचे पैसे लॅपटॉप घेतानाच मोजलेले असतात. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्ये प्रो होतं म्हणून त्यानं प्रो टाकलं, चिपमधली की होमची म्हणून ते ॲक्टिव्हेट होईना, मग त्यानं त्यावर क्रॅक मारला आणि पाचशे रुपये घेतले. घरात विहीर असताना पाणी विकत घेतल्यासारखं.

चिपमध्ये की आहे की नाही हे कसं ओळखायचं? २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपन्या की मदरबोर्डवरच लिहून देऊ लागल्या. त्याआधीच्या विंडोज ७ च्या लॅपटॉपला खाली स्टिकर असायचा, त्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट. तो स्टिकर पुसट होतो, फोटो काढून ठेवा. पण विंडोज ७ च्या कीवर विंडोज १० किंवा ११ फुकट ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळं त्या कीचा आता फारसा उपयोग नाही. आणि बिल काढून बघा. बिलावर 'डॉस' लिहिलं असेल तर तुमच्या लॅपटॉपबरोबर विंडोज आलंच नव्हतं. दोन-चार हजारांनी स्वस्त मिळाला, तो याचसाठी.

फॉरमॅटच्या आधीचा अर्धा तास

खरंच फॉरमॅट लागतंय का, हे आधी विचारा. सेटिंग्जमधलं 'रिसेट धिस पीसी' आणि त्यातलं 'कीप माय फाइल्स' निवडलं तर विंडोज नवं होतं, तुमच्या फाइली राहतात, विंडोजचं लायसन्स हलत नाही. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरं मात्र उडतात, म्हणून खालची कामं तेव्हाही करायचीच.

बिटलॉकरकडं, म्हणजे विंडोजच्या डिस्कला घालायच्या कुलपाकडं, लोक बघतच नाहीत. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, कुणी विचारतही नाही. मग सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकलं की डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. ती की त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, डिव्हाइसच्या पानावर असते. कागदावर उतरवून घ्या. अकाउंट कुणाचं आहे तेच माहीत नसेल, तर आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, मगच पुढं जा.

ऑफिस : वर्ड उघडा, फाइल, अकाउंट. कुठल्या ईमेलवर आहे ते तिथं दिसतं. त्या ईमेलचा पासवर्ड आत्ता, या क्षणी, मोबाइलवरून टाकून बघा. चालला नाही तर अजून मशीन तुमच्या हातात आहे, दुकानदाराला गाठता येतं. नव्या लॅपटॉपबरोबर मिळालेलं 'होम अँड स्टुडंट' एकदा एका अकाउंटवर चढलं की ते तिथंच, दुसऱ्या ईमेलवर सरकवता येत नाही.

टॅली : एफ१ दाबा, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. इंटरनेट लागतं. सरेंडर म्हणजे लायसन्स या मशीनवरून सोडवून कंपनीकडं परत जमा करणं, नंतर ते पुन्हा घेता येतं. आणि लायसन्सइतकाच महत्त्वाचा डेटा. तो बहुधा सी ड्राइव्हमध्ये, यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या फोल्डरात असतो. अख्खं फोल्डर कॉपी करा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केलं म्हणजे सगळं आलं, असं समजून पुष्कळांनी तीन-तीन वर्षांची खाती घालवलीत.

अँटिव्हायरसची की, मुदत आणि नोंदणी करताना दिलेला मोबाइल नंबर लिहून ठेवा. त्याच मशीनवर पुन्हा टाकताना तेच नाव, तोच नंबर द्यायचा. नवा दिलात की 'ही की दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे' असला संदेश येतो आणि मग कस्टमर केअर.

टाकताना

पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलनं स्वतः बनवा. आठ जीबीचा पुरतो. त्यानं बनवलेल्या पेनड्राइव्हमध्ये होमपासून प्रोपर्यंत सगळ्या एडिशन असतात आणि चिपमध्ये की असेल तर इन्स्टॉलर ती वाचून बरोबर एडिशन स्वतःच उचलतो, तुम्हाला विचारतही नाही. चिपमध्ये की नसेल तर तो की मागतो. तिथं 'माझ्याकडं प्रॉडक्ट की नाही' हे निवडून पुढं जा आणि मग एडिशनची यादी आली की फोटोत होती तीच निवडा, फुकट मिळतंय म्हणून प्रो उचलू नका. प्रो टाकून बसलात तर त्याचं परत होम करायला पुन्हा फॉरमॅटच मारावं लागतं.

'सिंगल लँग्वेज'ला आपल्या भागातले लोक उगाच घाबरतात. इथं सकाळी मराठीत लग्नपत्रिका आणि दुपारी कन्नडमध्ये पंचायतीचा अर्ज टाइप करायचा असतो, मग एकच भाषा कशी चालेल, असं वाटतं. ती एक भाषा मेनूंची. टाइप करायला मराठी, कन्नड, दोन्ही कीबोर्ड एकाच वेळी घालता येतात, फोनेटिकसुद्धा. त्यासाठी प्रो घ्यायची काही गरज नाही.

विंडोज ११ टाकताना मध्येच इंटरनेट मागतं आणि नेमका वायफायचा ड्रायव्हर नसतो. अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट केबलमधून कॉम्प्युटरला देणं) चालू करा, काम होतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हे काम काढूच नका. खानापूर बाजूला करंट कधी जाईल याचा नेम नसतो.

'ॲक्टिव्हेट विंडोज' असं कोपऱ्यात आलंय

घाबरू नका. डेटाला काही होत नाही, मशीन चालत राहतं, फक्त वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा चपटा सेल संपलेला असतो. करंट गेला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि तारीख चुकीची असेल तर मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर दारच उघडत नाही. खडेबाजारात कुठल्याही घड्याळवाल्याकडं सीआर२०३२ मागा. किरकोळ पैशात मिळतो. सेल घाला, तारीख लावा, परत प्रयत्न करा. कितीदा तरी नवी की विकत घ्यायला निघालेल्या माणसाचं काम मी त्या सेलवर भागवलंय.

तारीख बरोबर असेल तर एडिशन जुळवा, फोटो आहेच. तेही बरोबर असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावरच 'ट्रबलशूट' बटण येतं. त्यात 'अलीकडे हार्डवेअर बदललंय' असा पर्याय असतो, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं आत जा, यादीतून आपलं मशीन निवडा. फॉरमॅटच्या आधी लायसन्स अकाउंटशी जोडलेलं असेल तरच ही वाट चालते. आधीच्या त्या ओळीत 'जोडलेलं' हा शब्द बघायला सांगितला होता, तो यासाठी.

मदरबोर्डच बदलला असेल तर प्रकरण वेगळं. ओईएम लायसन्स बोर्डाबरोबर जातं. लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बोर्ड बदलला तर मूळ की नव्या बोर्डावर लिहून द्यायला सांगायचं, ते देतात. बाहेर जुन्या बाजारातला बोर्ड बसवला तर त्या बोर्डाची जी काय की असेल ती तुमची. माझ्याच एका लॅपटॉपला असा बोर्ड बसवून घेतला होता. होमचं मशीन प्रो होऊन आलं, चार दिवस मी खूश. मग कळलं की तो बोर्ड कुठल्या तरी कंपनीच्या ऑफिसातून भंगारात आलेला आणि बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, त्यांचा पासवर्ड. तो अजून निघालेला नाही.

ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत 'लाइफटाइम की' मिळते, त्याबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं. त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या संस्थांच्या सामायिक की असतात, कुणीतरी बाहेर विकलेल्या. आज चालतील, कंपनीनं बंद केल्या की तीनशे गेले. बिल नाही, त्यामुळं भांडायची सोय नाही.

ऑफिस आणि टॅली परत आणताना

ऑफिससाठी सीडी शोधत बसू नका. ब्राउझरमध्ये त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जा, 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये तुमचं ऑफिस दिसेल, तिथूनच उतरवा. लॅपटॉप कंपनीच्या रिकव्हरीनं विंडोज परत आणलं असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ट्रायल कॉपीही आलेली असते आणि महिन्याभरानं तीच पैसे मागायला लागते. आपण विकत घेतलेलं ऑफिस बंद पडलं असं लोकांना वाटतं. ट्रायल काढून टाका.

आता फाउंड्रीवाले काका. सरेंडर केलं नव्हतं, डिस्क पुसून झाली होती. अशा वेळी एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, रिॲक्टिव्हेट. मशीन तेच असेल तर अडचण येत नाही. पण तिथं ॲडमिनचा ईमेल, म्हणजे लायसन्स ज्याला बांधलंय तो, आणि त्याचा पासवर्ड लागतो आणि अनलॉक की त्याच ईमेलवर येते. काकांकडं लायसन्सचा नऊ आकडी सिरियल नंबर होता, बिल होतं, फाइलमध्ये व्यवस्थित लावलेलं. ईमेल मात्र निघाला जुन्या अकाउंटंटचा. तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेला, आणि जाताना थोडं वाजलेलंही होतं.

काका फोन करायला तयार नव्हते. शेवटी काकूंनी केला. आधी त्याच्या आईची तब्येत विचारली, मग पोराची शाळा, मग हळूच टॅली. पंधरा मिनिटांत की आली. डेटा बॅकअपच्या पेनड्राइव्हवर होता. साडेनऊला पंचवीस तारखेचं बिल टॅलीनं मुकाट्यानं घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ॲडमिनचा ईमेल बदलून घ्यायला लावला. तुमचाही डीलरच्या किंवा नोकराच्या नावावर असेल तर आत्ताच बदला, माणूस अजून तुमच्याकडं आहे तोवर. तो गेल्यावर कंपनीकडं मालकीचे कागद देऊन बदलावा लागतो, त्यात दिवस जातात आणि ११ तारीख, २० तारीख कुणासाठी थांबत नाही.

डीटीपीवाले आणि सही करणारे

शहापुरात, गणपत गल्लीत छपाईची कामं करणाऱ्यांचं लायसन्स बोटभर डोंगलमध्ये असतं. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं जुनं पॅकेज असेल तर आधी डोंगलचा ड्रायव्हर टाका, मग डोंगल लावा. उलट केलं की विंडोज भलताच ड्रायव्हर घालून बसतं. डोंगल सापडतंय पण पॅकेज ओळखत नाही, असं झालं तर नव्या ६४-बिट विंडोजला चालणारा ड्रायव्हर कंपनीकडून मागून घ्या. सीडीतला जुना चालत नाही. कन्नड टाइप करायचं नुडी तर कर्नाटक सरकारनं फुकट दिलंय, कन्नड गणक परिषदेनं बनवलेलं. त्याला लायसन्सची कटकटच नाही, परत उतरवलं की झालं. जुन्या मराठी फाइली मात्र मूळ फॉन्ट बसेपर्यंत इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतील. फाइल खराब झाली म्हणून ती पुसून टाकू नका, फॉन्ट बसला की मजकूर परत दिसतो.

डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) वापरणाऱ्यांनी एवढंच करायचं : सही टोकनच्या आत असते, फॉरमॅटनं ती जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर परत टाकायचा. पिन आठवत नसेल तर अंदाजानं मारत बसू नका, टोकन लॉक होतं. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' नावाचं एक बटण असतं. निपाणीच्या एका टॅक्स कन्सल्टंटांना वाटलं, हे दाबलं की टोकन चालू होईल. ते दाबलं की टोकन आतून कोरं होतं. अठरा दिवसांपूर्वी काढलेली सही होती, परत पैसे भरून नवी काढली.